उतरंडीतलं खालचं मडकं

"काका, आमच्या आजीची दुष्काळाची आठवण तुम्ही लिहून घेतली होती म्हणे. आहे का हो तुमच्याकडं? बाबांना ऐकायचीय."

पुण्याहून चुलत पुतण्याचा फोन. तो तिथं सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याची आजी म्हणजे माझी थोरली काकू. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याचे बाबा, म्हणजे माझा चुलतभाऊ, हल्ली अंथरुणावरच असतात. "आहे की, सीडीत आहे," असं मी अगदी सहज म्हणून गेलो, आणि त्यानंतरचे अकरा दिवस त्या ‘आहे की’ची किंमत मोजत होतो.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. 2005 साली आमच्या शाळेला पन्नास वर्षं झाली. स्मरणिका काढायचं ठरलं आणि संपादक म्हणून गळ्यात माळ पडली माझ्या. मी म्हटलं, नेहमीचे शुभेच्छा संदेश आणि जाहिराती छापण्यापेक्षा गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेऊ. विषय दोनच ठेवले. एक, 1948 चं पोलीस ॲक्शन, आणि दुसरा, 1972 चा दुष्काळ. आमच्या बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही ओसरीवर बसा, या दोन गोष्टी निघतातच. महिनाभर रोज संध्याकाळी वही घेऊन बसलो. अंबाजोगाईच्या एका डीटीपीवाल्या मुलानं सगळं टाइप करून दिलं. पण छपाईचा हिशेब बसेना, पानं फार झाली. मग कात्री घेऊन बसलो, आणि पहिली कात्री लावली ती काकूच्या आठवणीला. संपादकानं स्वतःच्या घरचं छापलं असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी! वहीचं पुढं वाळवीनं काय केलं ते सांगायला नको. राहिली ती एक सीडी.

म्हणजे काकूचे शब्द कागदावर कुठंच नव्हते, आणि त्याला कारण मीच होतो.

आमच्या लहानपणी प्रत्येक घरात मडक्यांची उतरंड असायची. खाली सगळ्यात मोठा रांजण, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. वरच्या मडक्यात मीठमिरची, खालच्यात धान्य. खालचं मडकं हलवायचं तर वरची सगळी आधी उतरवावी लागत, आणि कुणी घाईनं खालच्यालाच धक्का दिला तर वरचं मीठसुद्धा जमिनीवर. संगणकावरचं लिखाण ही अगदी अशीच उतरंड असते, हे मला या अकरा दिवसांत कळलं. त्याचाच हा इतिहास.

पहिलं मडकं सीडीचं. नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागवला. सीडी फिरली, फाइली दिसल्या, जीव भांड्यात पडला. त्यातली एक उघडली तर समोर इंग्रजी अक्षरं, टोप्या घातलेले स्वर, पौंडाची खूण, प्रश्नचिन्हं, असला सगळा गोंधळ. मराठी एक अक्षर नाही. पुतण्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, "काका, फाइल चांगली आहे. फाँट नाही तुमच्याकडं."

हे असं का होतं, हे समजायला थोडं मागं जावं लागेल. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. इंग्रजी ‘ए’ला 65, ‘बी’ला 66, असं अमेरिकेत 1960 च्या दशकात ठरलं. पुढं त्या तक्त्यात एकूण 256 घरं झाली. त्यातली काही यंत्राच्या कामाची, म्हणजे आपल्या हाती दोनशेच्या आसपास. आपली मुळाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं आणि जोडाक्षरं त्यात कशी बसवायची?

आपल्याकडच्या लोकांनी याचा फार आधी आणि फार नीट विचार केला होता. 1980 च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्यांसाठीचं काम झालं. त्यातून ‘जिस्ट’ नावाचं तंत्र आलं. 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि ते काम तिकडं आलं. त्या तंत्राचं एक कार्डच संगणकाच्या पोटात बसवत. अक्षरांचे आकडे ठरवणारं ‘इस्की’ हे प्रमाण आधी 1988 मध्ये आणि मग भारतीय मानक म्हणून 1991 मध्ये आलं. त्यातली खुबी अशी, की संगणकानं फक्त उच्चाराचा क्रम साठवायचा. ‘कि’ लिहायचं तर आधी क आणि मग वेलांटी. वेलांटी डावीकडं काढायची, हे काम दाखवणाऱ्या यंत्रणेचं. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं.

पण छपाईच्या धंद्याला थांबायला वेळ कुठला? पेजमेकरसारखे प्रोग्रॅम इंग्रजीसाठी बनलेले. मग लोकांनी युक्ती काढली. इंग्रजी अक्षरांच्याच घरात मराठीचे तुकडे बसवायचे. फाइलीत इंग्रजीच अक्षर, पण फाँटनं त्याला मराठीचा मुखवटा घालायचा. रामलीलेतला रावण मुखवटा काढला की आपल्याच गल्लीतला निघतो, तसंच हे. आणि प्रत्येक कंपनीनं आपापल्या सोयीनं घरं वाटली. एकाच्या फाँटात जिथं ‘म’, तिथं दुसऱ्याच्या फाँटात अर्धा ‘ण’. एकाच कंपनीच्या निव्वळ मराठीच्या आणि मराठी-इंग्रजी दोन्हींच्या फाँटांतही घरं वेगळी असत. 1990 नंतरची दहा-पंधरा वर्षं महाराष्ट्रातल्या स्मरणिका, लग्नपत्रिका, वर्तमानपत्रं, प्रश्नपत्रिका आणि सरकारी पत्रं बहुतेक अशाच मुखवट्यांत लिहिली गेली. त्या काळात नेटवर मराठी वर्तमानपत्र वाचायचं तर आधी त्याचा फाँट उतरवून घ्यावा लागायचा. तीन पेपर, तीन फाँट. आठवतंय ना मंडळी?

तर फाँट शोधला. त्याच नावाचा नेटवर मिळाला, बसवला. आता मराठी दिसू लागली, पण कशी? सगळे काने जागेवर, जोडाक्षरं मात्र चमत्कारिक. ‘कष्ट’च्या जागी भलतंच काही. पुतण्यानं निदान केलं, "नाव तेच आहे काका, पण आवृत्ती नवी आहे. मधे कधीतरी त्यांनी घरं बदललीत."

मूळ पॅकेजच बसवावं म्हटलं. त्याची सीडी शाळेतल्या एका माजी सहकाऱ्याकडं निघाली. पण इन्स्टॉलर चालूच होईना. कारण विचारलं तर कळलं, की 1990 च्या दशकातले बरेच इन्स्टॉलर सोळा बिटांच्या जुन्या विंडोजसाठी लिहिलेले असत, आणि चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये ते चालवण्याची सोयच ठेवलेली नाही. बरं, ते चाललं असतं तरी पॅकेज उघडायला एक कुलूप लागायचं. प्रिंटरच्या रुंद खाचेत खोचायचं, डोंगल म्हणतात ते. आताच्या लॅपटॉपला ती खाचच नाही. पॅकेज कुलपावर, कुलूप खाचेवर, आणि खाच गेली काळाच्या उदरात. बघा उतरंड.

शेवटी देवासारखा धावून आला तो डीटीपीवाला मुलगाच. त्यानं 2005 साली फाइलींच्या शेजारी एका फोल्डरमध्ये आपल्याकडच्या फाँटची प्रतही टाकून ठेवली होती. नवा फाँट काढला, तो जुना बसवला, आणि पडद्यावर काकू बोलू लागली.

इथं थांबता आलं असतं. पण मजकूर नुसता माझ्याच पडद्यावर दिसून काय उपयोग? चुलतभावाच्या मोबाइलवर तो गेला असता तर पुन्हा टोप्या आणि पौंड. त्याला युनिकोडात आणायला हवं होतं.

युनिकोड म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा आकडा देण्याची योजना. तिची पहिली आवृत्ती 1991 ची. देवनागरीची मांडणी त्यांनी आपल्या 1988 च्या इस्कीवरूनच घेतली. म्हणजे कानपूर-पुण्याचं काम वाया गेलं नाही, जगाच्या तक्त्यात जाऊन बसलं. पण नुसता आकडा असून भागत नाही. त्या आकड्यांची जुळणी करून जोडाक्षर घडवणारा एक वेगळा भाग लागतो. विंडोजमध्ये हे काम युनिस्क्राइब नावाच्या भागाचं. विंडोज 2000 पासून तो आला. त्याची जुनी आवृत्ती असली की तोच फाँट, तोच मजकूर, पण जोडाक्षरं मोडलेली. 

विंडोज एक्सपीत तर ही सोय असूनही झाकलेली होती. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ असं लिहिलेल्या चौकटीत खूण करावी लागे. आपली बालबोध लिपी अमेरिकेत ‘कॉम्प्लेक्स’ ठरली होती! खूण केली की संगणक एक्सपीची मूळ सीडी मागायचा. आमच्याकडचे संगणक जुळवून घेतलेले, सीडी कुणाकडं असणार? 2000 नंतरच्या त्या वर्षांत शिक्षक मंडळी एमएस-सीआयटी करून सर्टिफिकेटं घेऊन आली, पण मराठी दिसत का नाही हे विचारलं की सगळे एकमेकांकडं बघायचे. त्यात भारनियमन. अर्धी सोय बसवून झाली की लाईट जायची.

एका प्रोग्रॅमच्या पायाखाली दुसरा, त्याच्या खाली तिसरा, हे काही आपल्या मराठीपुरतं नाही. संगणकाचा सगळा कारभारच असा आहे. पुतण्यानं मला एक शब्द शिकवला, ‘डिपेंडन्सी’. मी त्याला ‘आधार’ म्हणतो. कुठलाच प्रोग्रॅम सगळं स्वतः करत नाही, दुसऱ्यानं लिहिलेले तयार भाग वापरतो. शेजारणीकडून विरजण आणावं तसं. 

1990 च्या दशकात विंडोजमध्ये असे सामाईक भाग एकाच फोल्डरमध्ये असत, डिस्कची जागा वाचावी म्हणून. नवा प्रोग्रॅम बसवताना तो आपल्याबरोबर त्या भागाची आपली आवृत्ती आणायचा आणि आधीची पुसून टाकायचा. कधी नवीच्या जागी जुनी बसायची. मग काल चालणारा भलताच प्रोग्रॅम आज बंद. बसवलं एक, बिघडलं दुसरं! या प्रकाराला तेव्हा लोक चक्क ‘नरक’ म्हणत. शेवटी विंडोज 2000 मध्ये मूळ भागांना राखण बसवली, आणि 2001 च्या एक्सपीत एकाच भागाच्या दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवायची सोय झाली.

लिनक्सवाल्यांनी वेगळी वाट धरली. 1993 मध्ये सुरू झालेल्या डेबियन या प्रकल्पात प्रत्येक पॅकेजबरोबर एक चिठ्ठी असते. मला अमुक भाग हवा, अमुक आवृत्तीच्या पुढचा हवा, तमुक बरोबर माझं जमत नाही. लग्न जमवताना टिपण असतं ना, तसंच. 1999 च्या आवृत्तीत ‘ॲप्ट’ आलं. ते सगळ्या चिठ्ठ्या वाचून काय-काय आणायचं आणि कुठल्या क्रमानं बसवायचं ते स्वतःच ठरवतं. आवृत्तीच्या आकड्यांचाही एक संकेत पुढं रूढ झाला. तीन आकडे, मधे टिंबं. शेवटचा बदलला तर नुसती दुरुस्ती, मधला बदलला तर नवी भर, आणि पहिला बदलला तर सावध, जुनं मोडू शकतं. सगळे हा संकेत पाळतातच असं नाही, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

एक गोष्ट तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. मार्च 2016 मध्ये एका प्रोग्रॅमरचं एका नावावरून भांडण झालं आणि रागाच्या भरात त्यानं आपलं सगळं काम सार्वजनिक कोठारातून काढून घेतलं. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा एक अकरा ओळींचा तुकडा होता. काम काय, तर शब्दाच्या डावीकडं शून्यं किंवा मोकळ्या जागा भरायच्या. हजेरीपटात आपण 7 चे 007 करतो, तेवढंच. पण त्या तुकड्यावर दुसरे, त्यांच्यावर तिसरे असे असंख्य प्रोग्रॅम उभे होते. जगभर मोठमोठ्या कंपन्यांची बांधणी अडली. काही तासांत तो तुकडा परत ठेवावा लागला. अकरा ओळी हो! आमच्या सातवीच्या निबंधालासुद्धा आम्ही जास्त मागायचो.

आता माझ्याकडं वळू. युनिकोडात रूपांतर करणारा एक प्रोग्रॅम मिळाला. तो म्हणे, डॉटनेटची 3.5 आवृत्ती हवी. लॅपटॉपवर 4.8 होती. मी पुतण्याला म्हटलं, "अरे, दहावी पास माणूस समोर उभा आहे आणि हा सातवीचंच सर्टिफिकेट मागतोय!" तो हसला. "काका, त्यांच्यात नवी आवृत्ती जुनीची जागा घेत नाही. दोन्ही शेजारी ठेवाव्या लागतात." ती बसवली. प्रोग्रॅम चालला, पण आमच्या फाँटचं नावच त्याच्या यादीत नव्हतं.

मग त्यानं कुणीतरी फार पूर्वी लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट शोधली, पायथन भाषेतली. ती पहिल्याच ओळीला अडली. कारण ऐकून मला गंमत वाटली. पायथनची 3.0 आवृत्ती डिसेंबर 2008 मध्ये आली आणि तिनं मुद्दाम जुन्याशी फारकत घेतली. त्यामागचं एक मोठं कारण हेच, की सगळा मजकूर मुळापासून युनिकोड मानायचा. म्हणजे आपल्यासारख्या भाषांच्या भल्याचाच बदल. पण त्यामुळं आधीची लाखो पानं चालेनाशी झाली. साधं ‘छाप’ म्हणण्याच्या आज्ञेलाही कंस लागू लागले. लोकांना बदलायला वेळ मिळावा म्हणून जुनी आवृत्ती 2015 पर्यंत सांभाळायची ठरली होती, ती मुदत वाढवून 1 जानेवारी 2020 केली. नवं घर बांधलं तरी अकरा वर्षं जुन्यात दिवा लावावा लागला.

पुतण्यानं दोन्हींची भेसळ न करता या कामासाठी एक वेगळी खोली केली. लग्नाचा स्वयंपाक असला की घरच्या चुलीला हात न लावता परसात वेगळी चूल मांडतो, तशी. तिच्यात हवी ती आवृत्ती, हवे ते भाग. बिघडलं तरी घरचा स्वयंपाक शाबूत. मला ही युक्ती सगळ्यात पटली.

स्क्रिप्ट चालली, पण तिच्यातला तक्ता नव्या फाँटचा होता. आमच्या जुन्या आवृत्तीचा तक्ता कुणीच केलेला नव्हता. म्हणून आम्ही दोघांनी तो केला. दोन संध्याकाळी तो तिकडून एकेक घर दाखवायचा आणि मी इकडून सांगायचो, "हा अर्धा श. हा काना. ही पहिली वेलांटी, ही अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, तिला उचलून मागं न्यायचं. हा रफार, हा पुढच्या अक्षरावरून मागं ओढायचा." आयुष्यभर लेकरांना बाराखडी शिकवली. यंत्राला शिकवायची वेळ पंचाहत्तरीकडं झुकल्यावर आली.

आणि अकराव्या दिवशी काकूची आठवण शुद्ध युनिकोडात उमटली. मी वाचायला घेतली. पहिल्याच परिच्छेदात काकू पाण्यासाठी ‘दर्या-डोंगरातून’ चालत होती!

दर्या म्हणजे समुद्र. बहात्तरच्या दुष्काळात, बालाघाटाच्या उघड्या डोंगरांत, डोक्यावर रिकामी घागर घेतलेली बाई समुद्रातून चालतेय. काकू म्हणाली होती ‘दऱ्या-डोंगरातून’. मूळ तक्ता करणाऱ्याच्या डोळ्यापुढं बहुधा हिंदी असावी. हिंदीत आपला हा आडवा, पापणीसारखा अर्धा र लागत नाही. आम्ही त्याच्या घरात रफारच राहू दिला होता. चूक एका घराची, पण सगळ्या फाइलीत पसरलेली. ‘आचाऱ्याला’ जेवायला बोलावलं तिथं ‘आचार्याला’ बोलावलेलं. ते घर दुरुस्त केलं आणि पुन्हा सगळं चालवलं.

मग माझ्या मनात आलं, की 2006 नंतर मी युनिकोडात टाइप केलेल्या नोंदीही यात जोडाव्यात आणि सगळ्यात ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द शोधावा. निम्मेच सापडले! डोळ्यांना दिसत होते, यंत्राला दिसत नव्हते. इथं उतरंडीचं अगदी तळाचं मडकं हाती लागलं. 1996 च्या युनिकोड 2.0 मध्ये हा अर्धा र लिहायची रीत होती र, हलंत आणि त्यापुढं एक अदृश्य सांधणारं चिन्ह. पुढच्या आवृत्त्यांत रीत ठरली टिंबवाला ऱ आणि हलंत. जुनं मोडू नये म्हणून जुनी रीतही चालू ठेवली. म्हणून शेतकर्‍यांच्या आणि शेतकऱ्यांच्या हे दोन शब्द तुम्हाला एकसारखे दिसतील, पण आत वेगळे आहेत. जुन्या टायपिंगच्या सोयी पहिला लिहायच्या, नव्या दुसरा लिहितात.

‘पोलीस ॲक्शन’ शोधलं तर तिथं तीन तऱ्हा. युनिकोडात सुरुवातीपासून होतं ते ए-वर चंद्र असलेलं ‘ऍ’. मराठीला ते रुचेना, म्हणून लोक अ लिहून त्यावर चंद्र ठेवू लागले, ‘अॅ’. मग एप्रिल 2008 मध्ये 5.1 आवृत्तीत मराठीसाठी ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर आलं. पुढं नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयानं वर्णमालेतही ॲ आणि ऑ आले. पण ज्यांच्या संगणकात फाँट जुना, त्यांना नव्या ॲच्या जागी नुसता चौकोन दिसायचा. अक्षर आलं, पण ते दाखवणारं मडकं खाली जुनंच.

जरा विचार करा. शेतकऱ्यांच्या आणि पोलीस ॲक्शन. आमच्या जिल्ह्याचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास शोधायचा तर याच दोन शब्दांनी शोधावा लागेल, आणि दोन्ही फुटलेले. उद्या एखादा अभ्यासक शोध घेईल, निम्म्याच नोंदी सापडतील आणि त्याला वाटेल, एवढंच होतं. टोप्या आणि पौंड दिसले तर माणूस निदान डॉक्टरकडं जातो. जे बिघडलेलं दिसतच नाही त्याची मला जास्त भीती वाटते.

म्हणून मी नवीन आवृत्त्यांना शिव्या घालणार नाही. दर वेळी बदल करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. अर्ध्या रची नवी रीत शुद्ध आहे, ॲ तर आपल्याला हवाच होता. प्रश्न बदलाचा नाही. वर कोणकोण उभं आहे हे बघून बदल केला का, आणि केल्यावर कुठं लिहून ठेवलं का, हा आहे. युनिकोडवाल्यांनाही हे ठेच लागूनच कळलं. 1996 च्या त्याच 2.0 आवृत्तीत त्यांनी कोरियन अक्षरं एका जागेवरून उचलून दुसरीकडं नेली. त्यातून झालेल्या गोंधळानंतर नियमच केला, की एकदा दिलेला आकडा परत हलवायचा नाही, काढायचा नाही. अक्षराचं नाव चुकलं असलं तरी चालेल, जागा बदलणार नाही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

आमच्या मराठवाड्याला तर ही गोष्ट वेगळी सांगायलाच नको. आमची जुनी कागदपत्रं मोडीत आणि निजामाच्या दप्तरातल्या उर्दूत. 1948 नंतर कारभाराची भाषा बदलली, मोडी शाळांतून मागं पडली. कागद जागेवरच होते, वाचणारे गेले. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा कुणबी नोंदींसाठी तालुक्या-तालुक्यांत मोडी आणि उर्दू वाचणारी माणसं शोधावी लागली. एका ओळीवर घराचं भविष्य अवलंबून, आणि ती ओळ घरातल्या कुणालाच वाचता येत नाही. वाचणारा माणूस हासुद्धा उतरंडीतलं एक मडकंच.

असो. ज्यांच्याकडं अशा सीड्या पडून आहेत त्यांना चार गोष्टी सांगतो. त्या आजच बाहेर काढा. फाइलीबरोबर तिचा तोच फाँट जपा, नुसतं नाव पुरत नाही. मूळ फाइल कधीही पुसू नका, दुरुस्ती प्रतीवर करा. युनिकोडात आणल्यावर मुळाशी ताडून एकदा माणसानं वाचा, विशेषतः अर्धा र. आणि महत्त्वाचं असेल ते चांगल्या कागदावर छापून घरात ठेवा. वाळवीला आवृत्ती लागत नाही हे खरं, पण कागदाला तर वीजही लागत नाही.

त्या रात्री मी चुलतभावाला फोनवर काकूची आठवण वाचून दाखवली. पाझर तलावाच्या कामावर दगड फोडायला गेलेली, मिळालेली सुकडी पदरात बांधून लेकरांसाठी घरी आणणारी, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीला नावं ठेवणारी काकू. "हाताला काम होतं रं बाबा, पर हाताला कातडं नव्हतं," हे तिचं वाक्य आलं तेव्हा तिकडून काही आवाज आला नाही. मला वाटलं फोन तुटला.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "दऱ्या-डोंगरातून गेली म्हणतोस ना, त्या घागरीबरोबर मीबी होतो. सात वर्षांचा. ते लिव्हलंस का?"

नव्हतं लिहिलं. काकूनं सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर माझ्याकडून सुटलं. तिचा मजकूर मी तसाच ठेवला आणि खाली वेगळी ओळ जोडली. मुलगा, वय सात, बरोबर होता, असं त्यानं स्वतः सांगितलं. त्याखाली तारीख, फाँटचं नाव आणि आवृत्ती, आणि कुठल्या घरात दुरुस्ती केली ते. तीन प्रती छापल्या. एक त्याच्या उशाशी आहे.